प्रत्येक वस्तूला जागा: कलेच्या तासिकेतून नीटनेटका वर्ग

प्राथमिक शाळेत कला आणि कार्यानुभव यांच्या तासिका आठवड्यात मोजक्याच असतात, आणि त्यांत तयार झालेल्या बऱ्याचशा वस्तू चार दिवस भिंतीवर मिरवून पुढे कपाटावर धूळ खात पडतात. त्याच वर्गात रोज कोणाची तरी पेन्सिल सापडत नाही, तपासून दिलेल्या कृतिपत्रिका दप्तराच्या तळाशी चुरगळतात, आणि मंगळवारची वही बुधवारी शाळेत येते. या दोन गोष्टींची सांगड घालता येते, आणि ती घालावी असे मला मनापासून वाटते. मात्र त्यासाठी एक पथ्य पाळावे लागते. मुलाने जी वस्तू स्वतःच्या हाताने आणि नेमक्या मापाने केली आहे, आणि जी रोज ठरलेल्या वेळी वापरावीच लागते, तीच वर्गात टिकते. केवळ सुंदर दिसणारी वस्तू टिकत नाही. पुढील मार्गदर्शन मुख्यतः तिसरी ते पाचवीच्या वर्गांसाठी आहे. ज्या शाळांत दोनच शिक्षक असून एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, तिथे ते अधिकच उपयोगी पडेल, कारण शिवणकाम मोठ्यांकडे आणि ठसेकाम लहानांकडे अशी विभागणी आपोआप होते.

आधी आठवडाभर फक्त निरीक्षण

कात्री हातात घेण्यापूर्वी वर्गशिक्षकांनी एक आठवडा केवळ नोंद करावी: काय हरवते, कोणत्या वेळी हरवते आणि ते शोधण्यात कोणाचा वेळ जातो. वर्गाच्या कोणत्या गरजेसाठी काय करायचे, हे या नोंदीवरून ठरवावे. सुटे कागद हरवत असतील तर त्यांना कप्पे हवेत. गृहपाठ विसरला जात असेल तर तो टिपण्यासाठी छोटी वही हवी. दप्तर चुकीचे भरले जात असेल तर वह्यांवर खुणा हव्यात. तिन्ही अडचणी असल्या तरी तिन्ही प्रकल्प एकाच महिन्यात घेऊ नयेत. एक वस्तू मुलांच्या अंगवळणी पडल्यावरच दुसरी हाती घ्यावी.

ऋतूचाही विचार करावा लागतो. आपल्याकडे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि पहिले तीन-चार महिने हवा दमट असते. या दिवसांत पुठ्ठा मऊ पडतो, कागद वाकतो, डिंक लवकर वाळत नाही आणि कोकणात तर भिंतींनाच ओल येते. म्हणून पावसाळ्यात कापडाची आणि दोऱ्याची कामे घ्यावीत, आणि पुठ्ठ्याची व चिकटवण्याची मोठी कामे दसऱ्यानंतरसाठी ठेवावीत.

प्रत्येकाची एक खूण

सर्व प्रकल्पांचा पाया एकच आहे. वर्गातील प्रत्येक मुलाची एक चित्रखूण असावी आणि ती वर्षभर बदलू नये. कप्प्यावर, वहीवर, पेन्सिलीच्या डब्यावर तीच खूण राहिली की पहिलीतले, अजून वाचायला न शिकलेले मूलही आपली वस्तू ओळखते आणि दुसऱ्याची वस्तू योग्य जागी नेऊन ठेवते.

खूण कशी असावी, हे मुलांवर पूर्णपणे सोडून दिले तर अर्ध्या वर्गाच्या खुणा फुले किंवा हृदय याच निघतात. त्यासाठी वारली चित्रपद्धतीचा आधार फार चांगला. पालघर, डहाणू, जव्हार या भागातील ही चित्रे वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढ्या मोजक्या आकारांतून उभी राहतात. टोकाशी टोक जुळवलेल्या दोन त्रिकोणांतून माणसाचे धड तयार होते, आणि गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग टोक चेचलेल्या बांबूच्या काडीने लावला जातो. ही कला कागदावर आणून जगापुढे नेणाऱ्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, हे मुलांना अवश्य सांगावे. लग्नाच्या वेळी भिंतीवर काढला जाणारा चौक मात्र धार्मिक आहे. त्याची नक्कल शोभेसाठी करू नये. आपण केवळ आकारांची भाषा घ्यावी आणि मुलांनी त्यातून आपल्या परिसरातली वस्तू काढावी: विहिरीचा रहाट, एस.टी., चिमणी, होडी, नांगर, मडके.

खूण चार सेंटीमीटरच्या चौकोनात, जाड रेषेत काढायला लावावी. ती फळ्याजवळ टेकवून मुलांनी दारापाशी उभे राहून पाहावी. तिथून ओळखता आली नाही तर तपशील कमी करावेत. कोणाच्याही दोन खुणा एकमेकींसारख्या दिसत असतील तर कोणती बदलायची, हे त्या दोन मुलांनी आपसांत ठरवावे. या कामाला एक पूर्ण तासिका लागते आणि ती द्यावी, कारण पुढचे सगळे यावरच उभे आहे.

ठसेही करता येतात. बटाटा अर्धा कापून त्यावर आकार कोरावा. भेंडी आडवी कापली तर न कोरताच फुलासारखा ठसा मिळतो. लहान मुलांना चाकू देऊ नये. त्यांच्यासाठी भेंडी, बाटलीची झाकणे आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेला सुतळीचा आकार पुरेसा असतो. ठशात अक्षरे उलटी उमटतात, म्हणून आद्याक्षरांऐवजी चित्रच घ्यावे.

कप्प्यांचा पडदा

या सगळ्या वस्तूंपैकी एकच करणे शक्य असेल तर कप्पे शिवलेला हा टांगता कापडी पडदा करावा. कृतिपत्रिका, सूचनेची चिठ्ठी, अर्धवट राहिलेले चित्र या साऱ्यांना प्रत्येक मुलामागे एक कप्पा मिळतो आणि शिक्षकांच्या टेबलावरचा ढीग नाहीसा होतो.

माप आधी कागदावरून काढावे. ए-४ कागद मधोमध दुमडला की तो साधारण १५ सेंटीमीटर रुंद आणि २१ सेंटीमीटर उंच होतो. म्हणून कप्पा १८ सेंटीमीटर रुंद आणि सुमारे १६ सेंटीमीटर खोल ठेवावा. कागद सहज आत जातो आणि वर चार-पाच सेंटीमीटर दिसत राहतो, त्यामुळे कप्पा रिकामा आहे की भरलेला हे लांबूनही कळते. हा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. गणिताच्या तासिकेतली लांबी-रुंदी इथे खरी कामाला येते.

एका पडद्यावर सहाच्या तीन ओळी, म्हणजे १८ कप्पे बसवावेत. वर्गाचा पट, म्हणजे मुलांची संख्या, ३० ते ३६ असेल तर दोन पडदे करावेत. पाच ओळींचा एकच मोठा पडदा करण्याचा मोह होतो, पण त्याची वरची ओळ तिसरीतल्या मुलाच्या हाताला पोहोचत नाही, आणि जिथे हात पोहोचत नाही तो कप्पा वापरला जात नाही. पार्श्वभूमीसाठी ११५ सेंटीमीटर रुंद आणि १०० सेंटीमीटर उंच असा तुकडा लागतो. एका माणसाच्या अंथरुणाच्या जुन्या चादरीतून असे दोन तुकडे निघतात.

कप्प्यांसाठी जुनी सुती साडी घ्यावी आणि ती काठाच्या बाजूने कापावी. काठापासून आतल्या बाजूला १८ सेंटीमीटर मोजून साडीच्या लांबीने पट्टी काढली की काठ कप्प्याच्या तोंडाशी येतो. काठाची वीण घट्ट असते, तो उसवत नाही, त्यामुळे तोंडाची कड दुमडून शिवावी लागत नाही आणि पडद्याला आपोआप शोभाही येते. एका ओळीला १२२ सेंटीमीटरची पट्टी लागते: दोन्ही टोके एकेक सेंटीमीटर आत दुमडल्यावर १२० उरतात आणि प्रत्येक कप्प्याला २० सेंटीमीटर कापड मिळते. कप्पा १८ सेंटीमीटरचा आणि कापड २० सेंटीमीटरचे, ही दोन सेंटीमीटरची ढील महत्त्वाची आहे. ती ठेवली नाही तर कप्पा मागच्या कापडाला चिकटून बसतो आणि कागद आत सरकवताना फाटतो. साडेपाच मीटरच्या साडीच्या दोन काठांतून दोन पडद्यांच्या सहाही पट्ट्या निघून कापड शिल्लक राहते.

शिवण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम पार्श्वभूमीच्या डाव्या-उजव्या कडा दुमडून घ्याव्यात. वर आणि खाली सात-सात सेंटीमीटर कापड दुमडून बांबूची काठी जाईल अशी नळी करावी. खालच्या काठीमुळे पडदा वाऱ्याने उडत नाही आणि गुंडाळला जात नाही. मग तीन ओळींच्या खालच्या रेषा २४-२४ सेंटीमीटरच्या अंतराने खडूने आखाव्यात. पट्टीची खालची कड एक सेंटीमीटर आत दुमडून ती रेषेवर टाचण्यांनी बसवावी आणि आधी उभ्या रेषा, नंतर खालची कड अशा क्रमाने शिवावे. खालच्या कडेला प्रत्येक कप्प्याची ढील दोन छोट्या चुण्यांत घ्यावी. गोधडीचा साधा धावदोरा पुरतो, फक्त दोरा दुहेरी असावा आणि प्रत्येक उभ्या रेषेच्या वरच्या टोकाला, जिथे हात घालताना ताण येतो, तिथे तीन-चार टाके एकावर एक घ्यावेत. पडदा उसवतो तो नेहमी याच जागी उसवतो.

पाचवी ते सातवीची मुले हे सहज शिवतात. गोधडी शिवणाऱ्या एखाद्या आजींना वर्गात बोलावता आले तर फारच उत्तम. टाका सरळ कसा ठेवायचा हे त्या ज्या सहजतेने दाखवतात ते आपल्याला जमत नाही. सुया मोजून द्याव्यात, मोजून परत घ्याव्यात, आणि एकही कमी भरली तर ती सापडेपर्यंत वर्ग उठवू नये.

मुलांच्या खुणा थेट कप्प्यावर न काढता आठ सेंटीमीटरच्या वेगळ्या कापडी चौकोनावर काढून तो चौकोन चार कोपऱ्यांत टाचावा. पुढच्या वर्षी पडदा तसाच राहतो आणि फक्त चौकोन बदलतात. कापडासाठीचे रंग वापरले असतील तर ते पूर्ण वाळल्यावर उलट बाजूने गरम इस्त्री फिरवावी, म्हणजे धुतल्यावर रंग टिकतो.

पडद्याची खालची कड जमिनीपासून ४० सेंटीमीटरवर येईल अशा उंचीवर तो टांगावा. ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नये. खिडकीचे गज किंवा कपाटाची बाजू बरी. आणि आता सर्वांत महत्त्वाचे: शनिवारी सकाळची शाळा सुटण्यापूर्वी दहा मिनिटे प्रत्येकाने आपला कप्पा पूर्ण रिकामा करावा. जे घरी न्यायचे ते दप्तरात, जे जपायचे ते शिक्षकांकडे, बाकी रद्दीत. ही दहा मिनिटे वेळापत्रकात लिहिलेली असावीत. ती नसतील तर दोन महिन्यांत कप्प्यांत शेंगदाण्याची टरफले आणि पेन्सिलीच्या साली सापडू लागतात, आणि सगळी मेहनत वाया जाते.

वहीच्या कण्यावर रंग

दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, असे केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणात म्हटले आहे. म्हणजे २५ किलोच्या मुलाचे दप्तर अडीच किलोच्या आत हवे. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तके चार भागांत विभागून त्यांतच नोंदींसाठी कोरी पाने देण्यात आली होती. २०२५-२६ पासून ती योजना थांबली आणि वह्या पुन्हा स्वतंत्रपणे आल्या. आज कोणती वही न्यायची आणि कोणती घरी ठेवायची, हे ठरवण्याची जबाबदारी त्यामुळे पुन्हा मुलावर आली आहे, आणि त्याला त्यात मदत हवी असते.

वह्यांना खाकी कव्हर घातले की सगळ्या सारख्या दिसतात. म्हणून प्रत्येक विषयाला एक रंग ठरवून घोटीव कागदाची तीन सेंटीमीटर रुंदीची पट्टी वहीच्या कण्यावर, अर्धी पुढे आणि अर्धी मागे अशी चिकटवावी. मुखपृष्ठावर चिकटवल्यास वह्या एकावर एक ठेवल्यावर ती झाकली जाते. कण्यावरची पट्टी मात्र ढिगातही दिसते. काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. म्हणून रंगासोबत आकारही द्यावा: मराठीला वर्तुळ, गणिताला त्रिकोण, इंग्रजीला चौकोन, परिसर अभ्यासाला पान.

त्याच रंगांचे आणि आकारांचे वेळापत्रक मुलाने घरासाठी तयार करावे. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर सहा आडव्या ओळी आखून प्रत्येक वारापुढे त्या दिवशी लागणाऱ्या वह्यांच्या रंगाचे तुकडे चिकटवावेत. घड्याळी वेळ, तासिकेचा क्रमांक असे काही त्यात नको. रात्री दप्तर भरताना मुलाला एवढेच हवे असते की उद्या कोणते रंग न्यायचे. ते घरात जिथे दप्तर ठेवले जाते तिथेच लावावे. आईवडिलांना अक्षरओळख नसली तरी त्यांनाही ते वाचता येते, आणि मला हा त्याचा सर्वांत मोठा लाभ वाटतो.

महिन्याची छोटी वही

एप्रिलअखेर प्रत्येक घरात अर्ध्या कोऱ्या वह्या उरतात. मुलांनी जूनमध्ये त्यांतली कोरी पाने घेऊन यावीत. आठ सुटी मोठी पाने एकावर एक ठेवून मधोमध दुमडली की १६ पाने, म्हणजे ३२ पृष्ठे होतात. शाळेच्या एका दिवसाला एक पृष्ठ धरले तर महिना पुरून थोडी शिल्लक राहतात.

दुमडण्याआधी कागदाच्या तंतूंची दिशा पाहावी. पान आधी उभे, मग आडवे हलकेच वाकवून पाहिले की एका दिशेने ते सहज वाकते आणि दुसऱ्या दिशेने अडते. ज्या दिशेने सहज वाकते तिकडे घडी घातली तर ती सरळ बसते आणि वही मिटलेली राहते. मुखपृष्ठ लग्नपत्रिकेचे किंवा जुन्या कॅलेंडरच्या जाड पानाचे करावे.

घडीच्या रेषेवर तीन भोके पाडावीत: एक मधोमध आणि दोन टोकांपासून दोन-दोन सेंटीमीटर आत. दाभण शिक्षकांनीच चालवावा आणि खाली वर्तमानपत्रांचा जाड थर ठेवावा. दोरा वहीच्या उंचीच्या तिप्पट घ्यावा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढावी आणि आत बोटभर दोरा मोकळा सोडावा. बाहेरून वरच्या भोकात शिरून आत यावे. आतून मधले भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर जावे, आणि शेवटी बाहेरून पुन्हा मधल्या भोकातून आत यावे. आता दोऱ्याची दोन टोके आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना असतील. त्या टाक्याला मध्ये घेऊन घट्ट निरगाठ मारावी. टोके एकाच बाजूला आली तर टाका सैल राहतो, म्हणून गाठ मारण्यापूर्वी प्रत्येकाने शेजाऱ्याला दाखवावी.

पृष्ठाच्या डावीकडे चार सेंटीमीटरचा चौकोन आखावा. गृहपाठ शब्दांत लिहिण्याआधी त्याचे छोटे चित्र त्या चौकोनात काढायचे: पाढे असतील तर त्रिकोणाच्या खुणेत अंक, पान गोळा करून आणायचे असेल तर पान. चित्र काढताना सूचना मनात एकदा घोळते आणि घरी वही उघडताच आठवते. काम झाले की चौकोन रंगवायचा. न रंगवलेला चौकोन शिक्षकांना सकाळी एका दृष्टिक्षेपात दिसतो. त्यावरून रागावण्याऐवजी काय अडले ते विचारावे, नाहीतर मुले काम न करताच चौकोन रंगवू लागतात.

साधनांच्या जागा

पेन्सिली उभ्या ठेवण्यासाठी बांबू पुरेसा आहे. प्रत्येक पेर खालच्या गाठीच्या किंचित खाली आणि वरच्या गाठीच्याही खाली कापली की तळ बंद आणि तोंड उघडे असा डबा मिळतो. तोंड काचकागदाने घासावे, कुसळे राहू देऊ नयेत. पत्र्याचे डबे कडांमुळे हात कापतात, ते टाळावेत.

कात्र्यांसाठी खोक्याचा नळीदार पुठ्ठा घेऊन त्यावर प्रत्येक कात्री ठेवून तिच्याभोवती रेषा काढावी, आतला भाग गडद रंगवावा आणि वर अडकवायला दोऱ्याचा फास लावावा. दहा काळ्या आकृत्यांपैकी एक उघडी दिसली की कात्री कमी आहे हे मोजावे लागत नाही. हेच पट्ट्या, ब्रश आणि चिकटपट्टीसाठी करता येते.

चिकटवण्यासाठी खळ घरीच शिजवावी: एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवून त्यात एकूण पाच वाट्या होईल इतके पाणी घालावे आणि मंद आचेवर पारदर्शकपणा येईपर्यंत ढवळत राहावे. कीड लागू नये म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालत. तो विषारी आहे आणि मुलांच्या हाताखालच्या खळीत तो कदापि घालू नये. त्यापेक्षा लागेल तेवढीच खळ करावी आणि पावसाळ्यात दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

तपासणी कशाची करावी

या वस्तूंना सुंदरतेसाठी क्रमांक देऊ नयेत. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख येणार म्हणून शिक्षकांनी रात्री बसून मुलांचे वाकडे टाके उसवून सरळ करू नयेत. वाकडा टाका कागद तितकाच सांभाळतो, आणि आपले काम कोणीतरी बदलले हे मुलाला लगेच कळते. पाहायचेच असेल तर उपयोग पाहावा. ‘मागच्या आठवड्याची गणिताची कृतिपत्रिका काढा’ असे सांगून ती किती मुलांच्या हातात चटकन येते, हे महिन्यातून एकदा पाहावे. ज्यांना सापडत नाही त्यांच्याशी बोलल्यावर बहुधा वस्तूतला दोष कळतो: कप्पा फार वर आहे, पट्टी निघाली आहे, वही दप्तरातल्या चुकीच्या कप्प्यात जाते.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची पहिली कार्यानुभवाची तासिका दुरुस्तीसाठी ठेवावी. सैल टाके पुन्हा घालावेत, निघालेल्या पट्ट्या चिकटवाव्यात, नवीन वही शिवावी. एप्रिलमध्ये पडद्यावरचे खुणांचे चौकोन उसवून मुलांना घरी द्यावेत, पडदा रिठ्याच्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावा आणि काठ्या काढून, घडी घालून कपाटात ठेवावा. ऊसतोडीहून परतलेल्या किंवा बदलीने आलेल्या मुलांचा प्रवेश वर्षाच्या मध्येही होतो, म्हणून पुढच्या वर्षी खुणा लावताना तीन-चार कप्पे मोकळे ठेवावेत आणि त्यांच्यासाठी कोरे कापडी चौकोन आधीच कापून बाजूला ठेवावेत.